भांडणाची गोष्ट वर्गात वाचताय? या चुका टाळा

गावातल्या, वस्तीतल्या दोन गटांच्या वादाची लघुकथा वर्गात घेतली की पहिल्या दहा मिनिटांतच कोणीतरी विचारतं, मग बरोबर कोण होतं? आणि आपण खूश होतो की चला पोरं गुंतली, लगेच हात वर करायला लावतो, या बाजूचे किती, त्या बाजूचे किती. ही सगळ्यात मोठी चूक, आणि मी ती कित्येक वर्षं केलीये. एकदा का मुलानं हात वर केला की पुढची गोष्ट तो स्वतःची बाजू सिद्ध करायलाच वाचतो, विरुद्ध जाणारी वाक्यं त्याला दिसतच नाहीत.

समजा गोष्ट अशी आहे. नदीवर पूल व्हावा म्हणून अर्धं गाव हटून बसलंय, आणि ज्यांची पोटं नावेवर आहेत ते पुलाच्या विरोधात, आणि सांगतीये नावाड्याची मुलगी. इथे वाचताना वहीच्या पानावर दोन रकाने करायला सांगा, प्रत्येक गटाला काय हवंय आणि त्यांना भीती कशाची आहे. हवंय ते पात्रं स्वतःच बोलून दाखवतात, भीती मात्र कोणी सांगत नाही, ती शोधावी लागते. खरं वाचन त्या दुसऱ्या रकान्यात होतं. प्रत्येक नोंदीपुढे कुठल्या ओळीवरून वाटलं ते लिहायचंच, नाहीतर मुलं मनानेच काहीही भरतात. बाजू घ्यायचीच असेल तर गोष्ट पूर्ण झाल्यावर घेऊ दे.

दुसरी चूक म्हणजे वाचनाच्या सगळ्या स्ट्रॅटेजी, म्हणजे मजकूर समजून घ्यायच्या युक्त्या, एकाच तासाला. अंदाज बांधा, प्रश्न विचारा, अडलेलं सोडवा, सारांश सांगा, ही चौकडी बऱ्याच ट्रेनिंगमध्ये शिकवतात, ती पॅलिंक्सार आणि ब्राउन या दोघी संशोधकांच्या 1984 च्या कामातून आलीये. त्यात महत्त्वाचं हे होतं की आधी शिक्षक मोठ्याने विचार करून दाखवतो, मग हळूहळू मुलंच छोट्या गटात शिक्षकाची जागा घेतात आणि चर्चा चालवतात. आपण काय करतो, चार चौकटींचं वर्कशीट छापतो आणि भरा म्हणतो. मग अंदाजाच्या चौकटीत 'पुढे भांडण होईल' एवढंच येतं, कारण गोष्ट भांडणाचीच आहे हे त्यांना आधीच माहीत असतं! असं झालं तर प्रश्न बदला. काय होईल असं न विचारता, आधी कोण माघार घेईल आणि कशावरून, असं विचारा, उत्तर द्यायला मुलांना परत मजकुरात जावंच लागतं.

आता मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते. भाषेकडे बघायला आपण विसरतो. आपल्या मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत, आपण म्हटलं की ऐकणारा त्यात आला, आम्ही म्हटलं की तो बाहेर. वादाच्या गोष्टीत पात्र आपणवरून आम्हीवर कधी आलं ते पेन्सिलीने गोल करायला सांगा, गाव नेमकं कुठल्या ओळीत फुटलं ते मुलांना डोळ्यांसमोर दिसतं. तसंच अहो-जाहोचं अरे-तुरे कधी झालं, नावानं हाक मारणारे 'ती माणसं' कधी म्हणायला लागले. ज्या मुलांना न लिहिलेलं ओळखा म्हटलं की घाम फुटतो त्यांनासुद्धा हे जमतं, कारण घरात भांडण झालं की आवाज आणि संबोधन कसं बदलतं हे त्यांना बरोबर कळत असतं, फक्त तीच हुशारी पुस्तकात वापरायची असते हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा कधीही हात वर न करणारी एक मुलगी म्हणाली, शेवटच्या पानावर तो परत आपण म्हणाला. समेट झाला असं लेखकानं कुठेच लिहिलेलं नव्हतं, तिनं ते एका शब्दातून पकडलं.

निवेदक कोण आहे हे राहून जातं तेही बघा. नावाड्याची मुलगी सांगतीये म्हणजे पूलवाल्यांच्या घरात काय बोलणं झालं ते आपल्यापर्यंत आलेलंच नाही. एक प्रसंग पूलवाल्यांच्या पोराच्या तोंडून पाच-सहा ओळींत लिहायला द्या, घटना मात्र त्याच ठेवायच्या.

काही मुलं गप्पच बसतात, आपल्याला वाटतं वाचन कच्चं आहे. तसं असेलच असं नाही. रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांचा 1988 चा एक प्रयोग आहे, 64 मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला, तर वाचनात कमजोर पण खेळ माहीत असलेल्या मुलांना, वाचनात चांगल्या पण खेळ फारसा माहीत नसलेल्या मुलांपेक्षा जास्त लक्षात राहिलं. तेव्हा नावेचा धंदा कसा चालतो आणि पूल झाला की त्याचं काय होतं हे पाच मिनिटं आधी बोलून घ्या, कथानक मात्र फोडू नका.

सारांशात अख्खी गोष्ट परत येत असेल तर एकच वाक्य मागा, अमक्याला हे हवं होतं पण ते आड आलं म्हणून त्यानं असं केलं. दोन्ही गटांसाठी वेगवेगळं. आणि तात्पर्य, एकीचं बळ वगैरे, लगेच मागू नका, मुलं पाठ असलेलं वाक्य देऊन मोकळी होतात.

वर्गातच वाद पेटला, मुलं स्वतःच्या आसपासची भांडणं आणायला लागली तर घाबरून चर्चा बंद करू नका, पण चालूही ठेवू नका तशीच. ज्याला बोलायचंय त्यानं आधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं परत सांगायचं आणि मग गोष्टीतली ओळ वाचून स्वतःचं मांडायचं. वेग लगेच कमी होतो. एखादं मूल खरंच दुखावलेलं दिसलं तर त्याला सगळ्यांसमोर अनुभव सांगायला लावू नका, तास संपल्यावर त्याच्याजवळ जाऊन बसा.