कचेरीच्या पायऱ्यांविरुद्ध तक्रार कशी लिहावी

तहसील कचेरीच्या दारात चार पायऱ्या आहेत आणि व्हीलचेअरवरून येणाऱ्याला दोघांनी उचलून आत न्यावे लागते, ही अडचण मांडण्यासाठी बहुतेक जण विनंती अर्ज लिहितात. पहिली चूक तेथेच होते. अपंगांच्या हक्कांच्या चळवळीने कायदे मिळवले ते अशा विनवण्या संपाव्यात म्हणून. त्यामुळे अर्जाच्या विषयात ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४५ चे पालन होण्याबाबत’ असेच लिहावे.

जुन्या सार्वजनिक इमारती अपंगांना वापरता येतील अशा करण्याचे बंधन घालणारे हे कलम कोठून आले हे ठाऊक असले, तर कचेरीतून येणारी उत्तरे आधीच ओळखता येतात. डिसेंबर १९९५ मध्ये अपंग हक्कांचे कार्यकर्ते जावेद अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीत संसदेपुढे आंदोलन केले आणि त्याच महिन्यात पहिला कायदा मंजूर झाला. त्यात सार्वजनिक इमारतींना रॅम्प असावेत अशी तरतूद होती. मात्र ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ या शब्दांनी पळवाटही ठेवली होती. जानेवारी २००१ मध्ये व्हीलचेअर वापरणारे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग भारतात आले तेव्हा दिल्लीच्या ऐतिहासिक स्मारकांवर त्यांच्यासाठी लाकडी रॅम्प तातडीने बसवण्यात आले, यावरून अडचण खरोखर किती पैशाची होती हे वाचकांनीच ठरवावे. पुढे २००७ साली भारताने अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार स्वीकारला आणि त्याला अनुसरून केलेला नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. इमारतींच्या कलमांतून ती पळवाट गेली आणि जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी, नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांची मुदत आली. नियम जून २०१७ चे आहेत, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये उलटली. ‘निधी उपलब्ध नाही’ असे उत्तर आले, तर ते १९९५ च्या कायद्यातले उत्तर आहे, असे समजावे.

अर्जापूर्वी मोजमाप घ्यावे. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा आणि रुंदी किमान १२०० मिलिमीटर असावी. जोते ४५ सेंटिमीटर उंच असेल, तर उताराची लांबी किमान ५.४ मीटर हवी. हा हिशेब अर्जात लिहावा, कारण अनेक ठिकाणी रॅम्प असतो, पण तो लहान मुलांच्या घसरगुंडीसारखा असतो, त्याला कठडा नसतो, किंवा त्याच्या तोंडाशीच दुचाक्या लावलेल्या असतात. मोजफीत धरून काढलेली छायाचित्रे सोबत जोडावीत. इमारत नवा कायदा लागू झाल्यानंतर बांधलेली असेल, तर कलम ४४ ही नमूद करावे. सुगम्यतेची, म्हणजे अपंगांना सहज वावरता येण्याची, मानके न पाळणाऱ्या आराखड्याला परवानगीच देता येत नाही, असे ते सांगते. ही मानके सांगणाऱ्या, २०१७ च्या नियमांतील नियम १५ वर मात्र विसंबू नये. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवला, कारण त्यामुळे मानके केवळ शिफारशीपुरती उरत होती. आधार कलमांचाच घ्यावा.

अर्ज कार्यालयप्रमुखाच्या नावे लिहून त्याची प्रत इमारत ज्या विभागाच्या ताब्यात आहे त्यालाही द्यावी, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवण्याला आळा बसतो. आवक शाखेत अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नये; पोच देण्यास टाळाटाळ झाली, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा.

सोबतच माहिती अधिकाराचा स्वतंत्र अर्ज करावा. महाराष्ट्रात त्याला दहा रुपये शुल्क आहे, विषय एकच असावा लागतो आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो. या इमारतीची सुगम्यता तपासणी झाली आहे काय, अंदाजपत्रक झाले आहे काय, आणि कलम ४५ खाली मुदतवाढ मागितली वा मिळाली आहे काय, एवढे तीन प्रश्न पुरेत. तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण मुदतवाढ सरसकट नसून प्रकरणानुसार द्यावयाची असते.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा गोलमाल आले, तर सर्व कागदांसह पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे, राज्य आयुक्तांच्या नावे, कलम ८० खाली तक्रार दाखल करावी. साक्षीदार बोलावणे आणि कागदपत्रे मागवणे यांसाठी आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केल्यावर संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत केलेली कार्यवाही कळवावी लागते. ती तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि दुसऱ्याच दिवशी स्मरणपत्र द्यावे.

रॅम्प बांधून झाल्यावर तक्रार निकाली निघाली असे लिहून देण्यापूर्वी मोजफीत घेऊन उतार पुन्हा मोजावा आणि व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीनेच, मागून कोणीही न ढकलता, तो एकदा चढून पाहावा.