कमी पैशात हॉल सजवायचाय? मग या चुका टाळा, आधी भिंतीकडं बघा

दसरा-दिवाळी जवळ आली की आमच्या परभणीत घरोघरी एकच विषय, यंदा हॉल नवा करायचा. 20-25 हजार बाजूला काढलेले असतात, मोबाइलमध्ये फोटो जमवलेले असतात, आणि पहिली खरेदी होते पडद्यांची नाहीतर सोफ्याची. मी पण हेच केलं होतं. सगळ्यात आधी बघायची भिंत, तीच आपण सगळ्यात शेवटी बघतो आणि तिथंच पैसा जातो.

भेगेवर नुसती पुट्टी मारणं

आपल्याकडच्या घरांची खरी अडचण काळी माती आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात वाळून आकसते, शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या आपण लहानपणापासून बघतोय, मग त्याच मातीत पाया असलेलं घर जागचं हलणार नाही असं कसं होईल? खिडकीच्या, दाराच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात. पेंटर म्हणतो, ताई पुट्टी मारली की गायब. दिवाळीला गायब होते पण, आणि एप्रिल-मेमध्ये तिथंच परत उघडते, कारण पुट्टी वाळली की कडक होते, भिंतीबरोबर ती ताणत नाही. बारीक भेग असेल तर पात्यानं खरवडून जराशी रुंद करा, धूळ झाडा, ताण सहन करणारा ॲक्रिलिक क्रॅक फिलर भरा, वरून जाळीची पट्टी आणि मग पुट्टी. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून बाजूला तारीख लिहून ठेवा. भेग खुणेच्या पुढं गेली किंवा तिच्यात नाणं सहज शिरायला लागलं तर रंग राहू द्या, आधी इंजिनिअरला दाखवा.

ओल्या भिंतीवर रंग

ही चूक माझ्या घरची. हॉलची एक भिंत गच्चीच्या पाइपाला लागून आहे, ऑक्टोबरमध्ये हाताला कोरडी लागली म्हणून पुट्टी, प्रायमर, दोन हात इमल्शन (पाण्यात मिसळायचा भिंतीचा रंग) सगळं करून घेतलं, पुढच्या जुलैत त्याच भिंतीचे पोपडे सोफ्यावर पडायला लागले. पांढरी पावडर सुटली, तो आतला क्षार, पाण्याबरोबर बाहेर येतो आणि रंगाला ढकलतो. आता कुणी विचारलं तर मी एकच सांगते, संशय असलेल्या भिंतीवर दोन फूट बाय दोन फूट प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि एक-दोन दिवस राहू द्या. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले की ओल भिंतीतच आहे. मग सजावटीचे पैसे आधी गच्चीवर, पाइपावर, बाहेरच्या गिलाव्यावर घाला, हॉल पुढच्या वर्षी करा. वाईट वाटतं, मला पण वाटलं, पण एकच भिंत दोनदा रंगवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

रंग किती लागेल ते दुकानदाराला नका विचारू, स्वतः मोजा. 10 बाय 12 चा हॉल, उंची 10 फूट, तर भिंती 440 चौरस फूट, दार-खिडक्या वजा करून 380 च्या आसपास. चांगल्या इमल्शनचा 1 लिटर दोन हातात साधारण 50-60 चौरस फूट जातो, म्हणजे 7 लिटर. सगळा एकदाच घ्या, नंतर आणलेल्या डब्याची शेड थोडी वेगळी निघू शकते.

शहाबादी फरशीवर ॲसिड

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काढायला लोक सरळ ॲसिड ओततात. शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड आहे, ॲसिड पडलं की फेस येतो, तो फेस म्हणजे तुमची फरशी खाल्ली जातीय. नंतर ती खरखरीत होते आणि जास्तच मळते. त्यावर मग व्हिनाइलचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या फरशीचा, रोल अंथरायचा, तर खालून ओल येणाऱ्या जुन्या घरात तो फुगे धरतो. त्यापेक्षा मशीननं घासून पॉलिश करून घ्या. शहाबादीसारखी उन्हाळ्यात पायाला गार लागणारी फरशी झाकायचीच कशाला?

कुलर विसरून फर्निचर घेणं

फोटोतल्या घरांत एसी असतो, आपल्याकडं मार्च ते जून खिडकीत कुलर. दमट वारा समोरच्या टीव्ही युनिटवर, ते युनिट स्वस्तातल्या पार्टिकल बोर्डचं, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचं, मग दोन उन्हाळ्यात कडा फुगतात आणि दारं अडकतात. कुलरच्या तोंडासमोर लाकडी काही ठेवू नका, आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा म्हणजे दमटपणा बाहेर जातो. सोफ्याला रेक्झिन पण नको, 42-43 डिग्रीत अंगाला चिकटतं, सुती कव्हर घ्या, काढून धुता येतं असं.

आणि साइज! दुकानात सोफा लहानच दिसतो. घरी फरशीवर खडूनं सोफ्याची चौकट आखा, दोन दिवस तिला वळसा घालून चालून बघा. चार माणसांचा डायनिंग टेबल 4 बाय अडीच फुटाचा धरला तरी खुर्ची मागं सरकवायला टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत अडीच फूट लागतात. एवढी जागा नसेल तर भिंतीला लावलेला घडीचा टेबल घ्या. मला तर वाटतं छोट्या हॉलात सोफ्यापेक्षा गादी, लोड, तक्के असलेली बैठकच बरी, पाहुणे आले तर दहा माणसं बसतात, रात्री चार झोपतात, आणि कापूस पिंजून गादी परत भरता येते.

लाइट घेताना खोक्यावरचा के (केल्विन) लिहिलेला आकडा वाचा, तो उजेडाचा रंग सांगतो. 6500के म्हणजे पांढराफेक निळसर, त्यात वरण-भातसुद्धा फिकट दिसतं, जेवायच्या जागी पिवळसर 3000के लावा.

जेवायच्या जागेमागची आणि बेसिनजवळची भिंत मात्र धुता येणाऱ्या रंगाचीच करा, तिथं हळदीचे हात लागणारच. त्या रंगातला अर्धा लिटर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डब्यावर शेड नंबर लिहा.