ब्रश मुठीत नको, बोटांत धरा
दात घासताना कोपर पंख फडफडवल्यासारखं हलतंय का? मग ब्रश मुठीत आवळलेला असणार. मुठीत मनगट जखडतं, सगळा जोर खांद्याकोपरातून येतो आणि ब्रश करवतीसारखा आडवा चालतो. हिरड्या सोलवटतात, दातांच्या मुळाशी खाचा पडतात.

पेन धरतो तसा अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत दांडा धरून बघा. कोपर बरगडीला टेकवा. आता मनगटच फिरतं, केस हिरडीच्या कडेला ४५ अंशांत बसतात आणि हात इवलासा थरथरल्यासारखा हलतो. पहिले काही दिवस ब्रश निसटेल, फेस कोपरापर्यंत ओघळेल, चालायचंच. बोटं संधिवातानं आखडली असतील तर मात्र जाड दांडा आणि मूठच बरी, फक्त दाब हलका ठेवा.