गायरान भाडेपट्ट्याने देताना जमिनीखालच्या पाण्याच्या अटी कशा घालाव्यात

गायरान किंवा इतर सरकारी जमीन सौर प्रकल्पासाठी अथवा रोपवाटिकेसाठी भाडेपट्ट्याने दिली जाते, तेव्हा गावात चर्चा होते ती चराईची आणि भाड्याची. जमिनीखालच्या पाण्याचा विषय मागेच राहतो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने जमीनमालकाचा आपल्या हद्दीतील भूजल काढण्याचा हक्क मान्य केलेला असल्याने, पट्ट्यात पाण्याचा उल्लेखच नसेल तर तो हक्क जमिनीबरोबर आपल्याकडे आला, असे पट्टेदार गृहीत धरतो. म्हणून पट्ट्यावर सही होण्यापूर्वीच ग्रामसभेने ठराव करून, पाण्याच्या अटी पट्ट्याच्या आदेशातच नमूद कराव्यात, अशी लेखी मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी.

ठरावात पाण्याची मर्यादा घनमीटरमध्ये लिहावी. ‘गरजेपुरते पाणी’ हा शब्दप्रयोग कटाक्षाने टाळावा, कारण गरज किती हे मग पट्टेदारच ठरवतो. सेकंदाला ३ लिटर पाणी देणारा पंप रोज ६ तास चालला, तर ६४,८०० लिटर, म्हणजे सुमारे ६५ घनमीटर पाणी उपसले जाते. माणशी ५५ लिटर धरल्यास ते जवळजवळ १,१८० माणसांचे एका दिवसाचे पाणी आहे. हा हिशेब ग्रामसभेत फळ्यावर मांडावा. सौर पटल धुण्यासाठी किती पाणी लागेल, याचा लेखी अंदाजही पट्टेदाराकडून आधीच घ्यावा.

विंधन विहिरीची जागा आणि खोली दोन्ही ठरवून द्याव्यात. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून (स्रोतापासून) ५०० मीटरच्या आत विनापरवानगी विहीर न घेण्याचा निकष महाराष्ट्रात १९९३ च्या भूजल कायद्यापासून चालत आला आहे, तर २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला खोल विहीर मानले आहे. जागेबाबत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मत घ्यावे.

मात्र सर्वांत मोलाची अट पाणीपातळीची आहे. पट्टा सुरू होण्याआधी ऑक्टोबरमध्ये आणि मे महिन्यात गावाच्या पिण्याच्या विहिरीची पातळी मोजून पंचनाम्यात नोंदवावी. मोजणी पहाटे, पंप सुरू होण्यापूर्वीच करावी. उपसा चालू असताना घेतलेली नोंद फसवी असते आणि वादाच्या वेळी टिकत नाही. मे महिन्यातील या नोंदीखाली पातळी गेली की पट्टेदाराचा उपसा थांबेल, असे आदेशात स्पष्ट असावे. विंधन विहिरीवर मीटर बसवून त्याची नोंद दरमहा ग्रामपंचायतीत द्यावी.

मुदत संपल्यावर विंधन विहीर झाकण लावून सुस्थितीत ग्रामपंचायतीच्या ताब्यात द्यावी आणि तोपर्यंत अनामत रक्कम परत करू नये, हेही त्याच आदेशात लिहून घ्यावे.