सेल इंज्युरी पाठ करून मी वायवात कसा आपटलो

सेल इंज्युरी, म्हणजे पेशीला इजा कशी होते, हा पॅथॉलॉजीचा (रोगशास्त्राचा) पहिलाच चॅप्टर, त्यामुळे नव्या वहीच्या उत्साहात सगळेच रट्टा मारतात, मीपण मारला. नेक्रोसिस (इजेमुळे पेशी मरणं) आणि अपॉप्टोसिस (पेशीने ठरल्याप्रमाणे स्वतःच मरणं) यांतले फरक झोपेत सांगायचो. वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सरांनी एवढंच विचारलं, पेशी का सुजते? आणि मी गप्प.

मग परत बसलो तेव्हा कळलं की सगळं एटीपीपासून, म्हणजे पेशीच्या इंधनापासून, सुरू होतं. रक्त थांबलं की ऑक्सिजन नाही, म्हणून एटीपी नाही, मग सोडियम बाहेर फेकणारा पंप बंद, सोडियम आत साचतं, त्याच्यामागे पाणी शिरतं, झाली पेशी टम्म. इथपर्यंत रक्त परत मिळालं तर ती सावरते. पण मेम्ब्रेन (पेशीचं आवरण) फाटली, मायटोकॉन्ड्रिया (एटीपी बनवणारे भाग) कायमचे बसले, की खेळ खलास. हृदयाच्या स्नायूत ही वेळ साधारण 20 ते 30 मिनिटांत येते, मेंदूचे न्यूरॉन तर 3 ते 5 मिनिटांतच जातात. आणि त्या फाटलेल्या मेम्ब्रेनमधून जे गळतं तेच ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूतलं प्रोटीन) आपण हार्ट अटॅकमध्ये रक्तात शोधतो, हे जुळलं तेव्हा मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या, खरंच!

अजून एक गंमत, पेशी मेली तरी मायक्रोस्कोपखाली मेल्यासारखी दिसायला काही तास लागतात. म्हणजे स्लाइड नॉर्मल दिसली म्हणून पेशी जिवंत असं नाही.

अ‍ॅडाप्टेशन (पेशीने ताणाशी जुळवून घेणं) सोपं आहे, फक्त उदाहरणं पक्की करा. बीपीवाल्याचं हृदय हायपरट्रॉफी (पेशी मोठ्या होणं), गरोदरपणातलं गर्भाशय हायपरट्रॉफी आणि हायपरप्लेजिया (पेशींची संख्या वाढणं) दोन्ही, सिगरेटवाल्याची श्वासनलिका स्क्वेमस मेटाप्लेजिया (नेहमीच्या पेशींच्या जागी चपट्या पेशी येणं). यात सिलिया (कफ बाहेर ढकलणारे बारीक केस) जातात म्हणून कफ साचतो, हे पुढचं वाक्य बोललात की समोरचा खूश.

अपॉप्टोसिस हा शब्द 1972 मध्ये केर, वायली आणि करी यांनी आणला. एका बारक्या जंतावर काम करणाऱ्यांना याच विषयासाठी 2002 चं नोबेल मिळालं, त्या जंताच्या वाढीत 1090 पेशी तयार होतात आणि त्यातल्या 131 ठरल्याप्रमाणे मरतात. अपॉप्टोसिसमध्ये मेम्ब्रेन फाटत नाही, आतलं सांडत नाही, म्हणून इन्फ्लमेशन (दाह) नाही. एवढं डोक्यात बसलं की फरकांचा अर्धा तक्ता आपोआप लिहिता येतो.

नेक्रोसिसचे प्रकार मात्र पाठच करावे लागतात, तिथे माझ्याकडे काही जादू नाही. फक्त रक्त थांबून मेंदू मेला तर कोअ‍ॅग्युलेटिव्ह (मेलेला भाग घट्ट राहतो तो प्रकार) म्हणू नका, तिथे लिक्विफॅक्टिव्ह (मेलेला भाग विरघळून पातळ होतो तो) असतो. मी म्हणालो होतो, त्याच वायवात.