दुकान गूगल मॅप्सवर कसं चढवावं: खरी गाठ व्हेरिफिकेशनच्या व्हिडिओशी

गिऱ्हाईक आता पत्ता विचारत नाही, लोकेशन मागतं. मग दुकान जळगावच्या गोलाणी मार्केटमधलं मोबाइलचं असो, धुळ्याच्या आग्रा रोडवरचं कापडाचं असो की हायवेवरचं भरीत सेंटर. हे लोकेशन गूगल फुकट देतं. त्यासाठीचं ‘बिझनेस प्रोफाइल’, म्हणजे गूगलवरची दुकानाची नोंद, बनवायला एक रुपयाही लागत नाही. ‘मॅपवर चढवून देतो’ म्हणून हजारो रुपये घेणारा माणूस तुम्ही स्वतः तासाभरात कराल तेच काम करतो, आणि बऱ्याचदा स्वतःच्या जीमेलवर करतो. मग दुकान तुमचं आणि चावी त्याच्याकडे. प्रोफाइल मालकाच्याच जीमेलवर बनवा. पोरगा किंवा कामगार ते बघणार असेल तर त्याला नंतर ‘मॅनेजर’ म्हणून जोडता येतं.

‘गूगल माय बिझनेस’चं ॲप डाउनलोड करायला सांगणारे जुने व्हिडिओ सोडून द्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये नाव बदलून बिझनेस प्रोफाइल झालं आणि ते ॲपही पुढे बंद पडलं. आता सगळं काम गूगल सर्च किंवा मॅप्समध्येच होतं.

आधी मॅप्सवर दुकानाचं नाव शोधा. कुणीतरी ते आधीच टाकलेलं असण्याची बरीच शक्यता असते. सापडलं तर नवीन बनवू नका, त्यावरच मालकीचा दावा करा. दुसऱ्याच्या खात्यावर असेल तर ‘ॲक्सेसची विनंती’ पाठवा; समोरच्याला उत्तर द्यायला ३ दिवस मिळतात. एका दुकानाची दोन प्रोफाइलं झाली की रिव्ह्यू दोन्हीकडे विभागले जातात आणि एक कधीतरी उडतं.

नाव पाटीवर आहे तेच, अक्षराला अक्षर. पाटीवर नुसतं नाव आणि ‘भरीत सेंटर’ असेल तर पुढे ‘जळगावमधलं सर्वोत्तम खान्देशी भरीत’ जोडू नका. असं नाव फुगवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. हे गूगलच्या नियमाविरुद्ध आहे आणि यामुळे प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं.

कॅटेगरी, म्हणजे धंद्याचा प्रकार, एक मुख्य आणि वरून ९ जास्तीच्या घेता येतात. मुख्य नीट निवडा, बाकीच्या दोन-तीन पुरेत.

पत्त्यात पिनकोड बरोबर घाला (जळगाव ४२५००१, भुसावळ ४२५२०१, धुळे ४२४००१, उपनगराचा वेगळा असेल तर तो). मग पिन हाताने सरकवा. गूगल ती आपोआप जिथे टाकतं ती जागा खेड्यापाड्यात हमखास चुकते: कधी ग्रामपंचायतीवर, कधी गावाच्या मधोमध. सॅटेलाइट व्ह्यू लावा, झूम करा आणि पिन बरोबर शटरवर ठेवा. केळीच्या गोदामाला किंवा रायपनिंग चेंबरला (केळी पिकवायच्या खोलीला) ती छपराच्या मधोमध न ठेवता गेटवर ठेवा, नाहीतर ट्रकवाल्याला मॅप मागच्या बांधावरून आत घालतो. गल्लीला नावच नसेल तर दुकानात उभं राहून मॅप्समधल्या निळ्या ठिपक्यावर टॅप करा. तिथे प्लस कोड, म्हणजे त्या जागेचा अक्षर-आकड्यांचा छोटा पत्ता, दिसतो, तो पत्त्याबरोबर व्हॉट्सॲपवर पाठवायला उत्तम.

आता व्हिडिओ. नव्वद टक्के अडचण इथे आहे.

व्हेरिफिकेशन म्हणजे दुकान खरं आणि तुमचंच आहे याची गूगलने केलेली खात्री. ती फोनवर, ईमेलवर की व्हिडिओवर हे गूगल ठरवतं; तुम्हाला दिसतील तेवढेच पर्याय तुमचे. बहुतेक छोट्या दुकानांना व्हिडिओच येतो. लोक इथे दुकानाची जाहिरात बनवतात: गाणं, नावाच्या पट्ट्या, कापून जोडलेले तुकडे. तपासणाऱ्याला त्यातलं काहीच नको असतं. त्याला तीन गोष्टींचा पुरावा हवा असतो: दुकान मॅपवर दाखवलंय तिथेच आहे, धंदा खरोखर चालतो आणि व्हिडिओ काढणाऱ्याच्या हातात त्या धंद्याचा कारभार आहे. हे तिन्ही एकाच सलग शॉटमध्ये, मध्ये कुठेही न थांबता यायला हवं. कमीत कमी ३० सेकंद लागतात. दीड मिनिटात सगळं आरामात बसतं.

माझा ठाम आग्रह सकाळी दुकान उघडतानाच काढण्याचा. शटर बंद असतं, गर्दी नसते आणि उजेड नीट असतो. एप्रिल-मेमध्ये तर दुपारी काढूच नका. भुसावळच्या उन्हात फोन तापला की कॅमेरा मध्येच बंद पडतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

सुरुवात रस्त्यावरून करा, दुकानापासून वीस-पंचवीस पावलं लांब. शेजारच्या दोन दुकानांच्या पाट्या, चौकाचं नाव, बस स्टॉप, मंदिर, जे कायमचं आहे ते फ्रेममध्ये येऊ द्या. यावल-चोपड्याकडच्या गावांत रस्त्याच्या नावाची पाटी नसतेच. तिथे ग्रामपंचायतीचा किंवा शाळेचा बोर्ड घ्या, कारण त्यावर गावाचं नाव असतं. मग चालत या आणि स्वतःच्या पाटीवर फोन तीन-चार सेकंद स्थिर धरा. अक्षरं वाचता आली पाहिजेत. आदल्या दिवशी छापून दोरीने बांधलेला फ्लेक्स संशयाला जागा देतो, म्हणून पक्की पाटी लागल्यावरच या कामाला हात घाला.

आता रेकॉर्डिंग चालू ठेवूनच कुलूप उघडा. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने चावी. शटर जड असेल तर वर ओढायला माणूस बाजूला उभा ठेवा, पण चावी तुमच्याच हातात फिरलेली दिसू द्या. दुकान तुमचं आहे याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही. उघड्या दुकानात फोन फिरवून ‘हे बघा माझं दुकान’ म्हटलं तर ते कुठलंही गिऱ्हाईक करू शकतं, आणि तिथेच व्हिडिओ नापास होतो.

आत गेल्यावर गल्ल्याच्या मागे जा. ड्रॉवर उघडा, बिलिंगचं मशीन चालू करा, वजनकाटा दाखवा. गिऱ्हाईक जिथे जात नाही तिथे कॅमेरा गेला पाहिजे. भरीत सेंटर असेल तर मागचा भाग घ्या: वांगी भाजायला रचून ठेवलेल्या कपाशीच्या काड्या, भरीत ठेचायची लाकडी बडगी, वांग्यांचे क्रेट. धंद्याची हत्यारं पाटीपेक्षा जास्त बोलतात.

शेवटी कागद. महावितरणचं बिल, उद्यम प्रमाणपत्र किंवा गुमास्ता (दुकानाच्या नोंदणीचा दाखला) यांपैकी ज्यावर पाटीवरचं नाव आणि हाच पत्ता आहे तो. कामगार थोडे असल्याने नोंदणी दाखल्याऐवजी ऑनलाइन सूचनेची पावती मिळालेली असेल तर ती दाखवा. कागद सपाट ठेवून तीन सेकंद थांबा. आधार नंबर आणि बँकेचा खाते नंबर बोटाने झाका. माणसांचे चेहरे घेऊ नका.

अपलोड चालू असताना स्क्रीन बंद करू नका, फोन घेऊ नका. मोबाइल डेटा रडत असेल तर वायफाय शोधा. तपासणीला ५ कामाचे दिवस लागू शकतात. तेवढ्यात नाव, पत्ता, कॅटेगरी कशालाही हात लावू नका. नापास झालं तर त्याच प्रोफाइलवर पुन्हा व्हिडिओ द्या. कंटाळून दुसरं प्रोफाइल काढणं हा सगळ्यात महागडा मार्ग, कारण मग डुप्लिकेटचं लचांड मागे लागतं.

इलेक्ट्रिशियन, मंडपवाले, ठिबक बसवून देणारे यांच्याकडे गिऱ्हाईक येत नाही, तेच गिऱ्हाईकाकडे जातात. त्यांनी घराचा पत्ता लपवावा आणि ‘सेवा क्षेत्र’ भरावं. २० पर्यंत ठिकाणं देता येतात. व्हिडिओत नाव लिहिलेली गाडी, अवजारं आणि सामानाच्या खोलीचं कुलूप उघडताना दाखवावं.

व्हेरिफाय झाल्यावर वेळा भरा आणि उन्हाळ्यात दुपारी १ ते ४ बंद ठेवत असाल तर तसंच लिहा. ‘उघडं आहे’ वाचून अमळनेरहून आलेला माणूस बंद शटर बघून एक स्टार देतो, आणि त्यात त्याची चूक नसते. रिव्ह्यूसाठी प्रोफाइलमधला क्यूआर कोड छापून गल्ल्यावर लावा. विकतचे रिव्ह्यू घेऊ नका, सवलत देऊनही मागू नका. दोन्ही नियमाविरुद्ध आहे.

गूगलच्या बऱ्याच सेवांपैकी छोट्या दुकानदाराला सगळ्यात जास्त उपयोगी हीच, असं मी मानतो. पण सगळा धंदा तिच्यावर टांगू नका. प्रोफाइलमधून फुकट बनणाऱ्या वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या आणि जुलै २०२४ मध्ये चॅटही गेलं. ज्यांनी गिऱ्हाईकांचे नंबर फक्त त्या चॅटमध्ये ठेवले, त्यांच्या हाती काही राहिलं नाही. नंबर स्वतःच्या वहीत किंवा फोनमध्ये ठेवा.

प्रोफाइल दिसायला लागलं की ‘गूगलमधून बोलतोय, पैसे भरा नाहीतर लिस्टिंग बंद होईल’ किंवा ‘पहिल्या नंबरवर आणतो’ असे फोन सुरू होतात. लिस्टिंग टिकवायला गूगल पैसे घेत नाही. वरचा नंबर शोधाशी जुळणं, अंतर आणि दुकानाची प्रसिद्धी या तीन गोष्टींवर ठरतो. तो विकत मिळत नाही. फोनवर ओटीपी मागितला तर देऊ नका, लगेच फोन ठेवा.