लिनक्सच्या इन्स्टॉलरला हार्ड डिस्क दिसत नाही? आधी या चुका टाळा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सेवा केंद्रातलं जुनं मशीन, झेडपी शाळेची लॅब, कृषी केंद्रातला बिलिंगचा कॉम्प्युटर, यांच्यावर आता लिनक्स, म्हणजे मिंट नाहीतर उबुंटू टाकायचं ठरतं. पेनड्राइव्ह तयार होतो, लिनक्स चालू होतं, वायफायही लागतं. आणि डिस्क निवडायच्या पानावर यादी रिकामी. मग फोन येतो, "भाऊ, हार्ड डिस्कच दिसून नाही राहिली. एसएसडी गेली वाटते."

एसएसडी बहुतेक वेळा गेलेली नसते. पण फोन येईपर्यंत पेनड्राइव्ह तीनदा नवा बनवून झालेला असतो, सिक्युअर बूट बंद करून झालेलं असतं आणि नव्या एसएसडीचा भावही विचारून झालेला असतो. विहिरीत पाणी आहे की नाही हे न पाहता मोटर बदलायची, तसला प्रकार.

डिस्क कुठवर दिसते ते न पाहणे

बाकीच्या बहुतेक चुका इथूनच निघतात. डिस्क तीन ठिकाणी दिसायला हवी: बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पानांत), चालू झालेल्या लिनक्समध्ये आणि शेवटी इन्स्टॉलरमध्ये. याच क्रमाने बघायचं.

बायोसमध्ये जायला डेल, एसर आणि आसुसवर साधारणपणे एफ२, एचपीवर एफ१०, लेनोवोवर एफ१ किंवा एफ२. तिथे डिस्कचं मॉडेल दिसत नसेल तर दोष हार्डवेअरचा: केबल, पॉवर, स्लॉट किंवा खुद्द डिस्क. लिनक्सला शिव्या देऊन उपयोग नाही.

बायोसला दिसते पण इन्स्टॉलरला नाही, तर इन्स्टॉल न करता नुसतं लिनक्स चालू ठेवा, मेन्यूतून 'डिस्क्स' उघडा आणि डावीकडची यादी बघा. टर्मिनलची सवय असेल तर एल-एस-बी-एल-के ही पाच इंग्रजी अक्षरं लहान लिपीत सलग टाइप करून एंटर मारा. साटा डिस्क (जुन्या पद्धतीची, बहुधा केबलने जोडलेली) एसडीए, एसडीबी अशा नावाने येते, एनव्हीएमई डिस्कचं (नव्या पद्धतीची, वेगवान एसएसडी) नाव एनव्हीएमई या अक्षरांनीच सुरू होतं. स्वस्तातल्या ३२ किंवा ६४ जीबीच्या लॅपटॉपमध्ये ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली साठवण) असते, तिचं नाव एमएमसीबीएलके पासून सुरू होतं. तिथे एसडीए शोधत बसू नका.

नावापेक्षा आकार बघा. एसडीए म्हणजे हार्ड डिस्कच, असं धरून चालणारे नवशिके पुष्कळ आहेत. आतली डिस्क दिसत नसते तेव्हा एसडीए हा बहुधा तुमचा पेनड्राइव्हच असतो. ५०० जीबीची डिस्क एल-एस-बी-एल-केच्या यादीत ४६५.८ दिसते, १ टीबीची ९३१.५, २५६ जीबीची २३८.५. आकडा १४-१५ च्या आसपास असेल तर हात आवरा.

रेड, आरएसटी, व्हीएमडी: सगळ्यात महागात पडणारी चूक

गेल्या काही वर्षांतला इंटेलचा लॅपटॉप, आत एनव्हीएमई एसएसडी, विंडोज व्यवस्थित चालतं आणि लिनक्सला डिस्क दिसत नाही, असं असेल तर दुसरीकडे शोधू नका. कंपनीने बायोसमध्ये साठवणुकीचा मोड 'रेड ऑन' किंवा 'इंटेल आरएसटी' ठेवलेला असतो. या मोडमध्ये एनव्हीएमई डिस्क साटा कंट्रोलरच्या आड लपवली जाते. विंडोजकडे इंटेलचा ड्रायव्हर असतो म्हणून त्याला ती दिसते, लिनक्सला दिसत नाही. इंटेलच्या ११व्या पिढीच्या प्रोसेसरपासून हेच काम व्हीएमडी नावाच्या भागाकडे आलं. त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आहे, पण तुमची आयएसओ (ज्यावरून पेनड्राइव्ह बनवला ती लिनक्सची फाइल) जुनी असेल तर त्यात तो नसतो किंवा त्या मशीनला ओळखत नाही. साधी साटा डिस्क मात्र रेड मोडमध्येही सहसा दिसते, त्यामुळे "शेजारच्या मशीनवर तर रेड असूनही झालं" या वादाला अर्थ नाही.

खात्री करायची असेल तर टर्मिनलमध्ये सुडो (एस-यू-डी-ओ) लावून डी-मेसेज (डी-एम-ई-एस-जी) चालवा आणि ओळींमध्ये 'रीमॅप्ड एनव्हीएमई' शोधा. जुन्या आरएसटीवर लिनक्स सरळ सांगतं की एक रीमॅप्ड एनव्हीएमई डिव्हाइस सापडलं, वापरायचं असेल तर बायोस रेडवरून एएचसीआयवर, म्हणजे डिस्कच्या साध्या मोडवर न्या. उबुंटूचा इन्स्टॉलरही अनेकदा 'आरएसटी बंद करा' असं पूर्ण पानभर सांगतो. लोक ते पान न वाचता मागे जातात.

उपाय म्हणजे एएचसीआय मोड निवडणं किंवा व्हीएमडी बंद करणं. व्हिडिओत एवढंच सांगतात आणि पुढचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

दारव्ह्याकडच्या एका सेवा केंद्रातला प्रकार घ्या. जिनिंगमध्ये हिशेब पाहणाऱ्या माणसाचा लॅपटॉप, ऐन कापूस खरेदीचा हंगाम, त्याला विंडोजच्या शेजारी लिनक्स हवं होतं. केंद्रातल्या पोराने व्हिडिओ पाहून मोड एएचसीआय केला. डिस्क दिसली, पण आधी विंडोज नीट आहे का पाहू म्हणून रीस्टार्ट केलं तर निळा पडदा आणि 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. दुसऱ्यांदा चालू केलं तर बिटलॉकरने (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं संरक्षण) ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. ती कुठे असते हे दोघांनाही माहीत नव्हतं. पोराने ठरवलं की विंडोज करप्ट झालं, आणि पूर्ण डिस्क पुसून मिंट टाकलं. मिंट पाच मिनिटांत चालू झालं. हंगामाचा हिशेब गेला तो गेलाच.

विंडोज अजिबात करप्ट झालेलं नव्हतं. त्याला फक्त नव्या मोडचा ड्रायव्हर सुरुवातीलाच चढवायचा असतो हे ठाऊक नव्हतं. बायोसमध्ये जाऊन मोड परत आरएसटी केला असता तर ते जसंच्या तसं उभं राहिलं असतं. निळा पडदा आला की सगळ्यात आधी केलेला बदल उलटा फिरवायचा. डिस्क पुसायची नाही.

विंडोज ठेवायचं असेल तर क्रम असा:

१. महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या. "नंतर घेतो" चालत नाही.

२. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की ते आपोआप चालू झालेलं असू शकतं. रिकव्हरी की बहुधा त्याच खात्यावर ऑनलाइन मिळते. ४८ आकडे कागदावर लिहून घ्या. संरक्षण सस्पेंड केलं तरी कागद जवळ हवाच, कारण एका रीस्टार्टनंतर ते पुन्हा चालू होऊ शकतं आणि आपल्याला रीस्टार्ट दोन करायचे आहेत.

३. खात्याचा पासवर्ड पाठ असू द्या. सेफ मोडमध्ये पिन कधी कधी चालत नाही.

४. विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडा, बूट टॅबवर 'सेफ बूट' आणि 'मिनिमल' निवडा, रीस्टार्ट करा.

५. विंडोज चढू न देता सरळ बायोसमध्ये जा आणि आरएसटी किंवा रेडचं एएचसीआय करा, नाहीतर व्हीएमडी बंद करा. एफ१० ने सेव्ह करा.

६. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि ड्रायव्हर लावून घेईल. एमएसकॉन्फिगमधली 'सेफ बूट'ची खूण काढा, रीस्टार्ट करा. विंडोज नेहमीसारखं चालू झालं की मगच पेनड्राइव्ह लावा.

एसरच्या अनेक लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसतच नाही. बायोसच्या 'मेन' टॅबवर कंट्रोल आणि एस एकत्र दाबलं की व्हीएमडीची ओळ उघडी होते. आसुसमध्ये ती 'ॲडव्हान्स्ड'मध्ये वेगळ्या मेन्यूत असते. डेलमध्ये 'साटा ऑपरेशन' शोधा. काही घरगुती मॉडेलांत हा पर्याय दिलेलाच नसतो. तिथे नवी आयएसओ वापरून बघणं एवढंच हाती उरतं.

ऑप्टेनचा कॅश (हार्ड डिस्कचा वेग वाढवणारी इंटेलची छोटी साठवण) बसवलेला लॅपटॉप असेल, म्हणजे १ टीबी हार्ड डिस्क आणि सोबत १६ जीबी ऑप्टेन, तर मोड बदलण्याआधी विंडोजमधून इंटेलच्या ॲपने ऑप्टेन बंद करा. थेट बदललं तर डेटा जाऊ शकतो.

केबल आणि पॉवरला हलक्यात घेणे

डेस्कटॉप बायोसमध्येच डिस्क दाखवत नसेल तर आपल्याकडे आधी धूळ आणि गंज आठवावा. उन्हाळ्यात कुलरचा ओलसर वारा सरळ कॅबिनेटवर असतो. जिनिंगच्या गावात आत कापसाचा भुसा जाऊन बसतो. कनेक्टरच्या टोकांवर थर चढतो आणि डिस्क सकाळी दिसते, दुपारी नाही.

प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग आत हात घाला. साटाची डेटा केबल दोन्ही टोकांनी काढून पुन्हा बसवा. क्लिप नसलेली जुनी लाल केबल असेल तर सरळ बदलून टाका, ती वाचवण्यात काही हशील नाही. नंतर बोर्डावरचं दुसरं पोर्ट, मग एसएमपीएसचा (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायचा) दुसरा पॉवर कनेक्टर. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.

डिस्क कधी दिसते, कधी नाही, असं असेल तर 'डिस्क्स'मध्ये डिस्क निवडून उजवीकडच्या मेन्यूतून स्मार्ट डेटा (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) उघडा. १९९ क्रमांकाचा सीआरसी एररचा आकडा वाढत असेल तर केबल दोषी. १९७ क्रमांकाचे पेंडिंग सेक्टर वाढत असतील तर डिस्क खरोखर जाऊन राहिली आहे, तिच्यावर नवीन काही टाकू नका. डी-मेसेजमधल्या 'साटा लिंक डाऊन' या ओळीने घाबरू नका, रिकाम्या पोर्टसाठीही तीच येते. त्याच पोर्टवर 'स्लो टू रिस्पॉन्ड' आणि 'एसआरएसटी फेल्ड' आलं तर मात्र केबल, पॉवर किंवा डिस्क.

एसएमपीएसवर मल्टीमीटर लावा. लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट, पिवळीवर ११.४ ते १२.६, आणि हे डिस्क फिरत असताना, मोकळं ठेवून नाही. संध्याकाळी गावाचं व्होल्टेज बसलं की स्वस्तातले एसएमपीएस इथेच मान टाकतात.

बोर्डावरचा सेल मेला आहे हे न ओळखणे

रीफर्बिश्ड डेस्कटॉप घेतलेल्या शाळांमध्ये हे हमखास दिसतं. दिवसा मोड बदलून लिनक्स टाकलं, सगळं छान चाललं. संध्याकाळी मेन स्विच बंद केला. सकाळी काळ्या पडद्यावर 'यूयूआयडी डझ नॉट एक्झिस्ट' आणि खाली इनिटरॅमएफएसचा प्रॉम्प्ट, म्हणजे लिनक्सला आपली डिस्कच सापडत नाही. गुरुजी म्हणतात, लिनक्स उडालं. लिनक्स जागेवरच असतं. सीआर२०३२ सेल संपल्यामुळे बायोस कारखान्यातल्या सेटिंगवर, म्हणजे पुन्हा रेडवर गेलेला असतो. बायोसमधली तारीख काही वर्षं मागची दिसली की ओळखा. काही बोर्डांवर सेल गेल्यावर फक्त घड्याळ चुकतं, काहींवर सगळी सेटिंग उडतात. नवा सेल ३ व्होल्टचा, तारखेसह सेटिंग पुन्हा लावा, आणि वायर काढून तासभर ठेवून पाहा. लॅबमधल्या सगळ्याच मशीनचे सेल एकदम बदलून घ्यावेत, एकेकासाठी तालुक्याला चकरा मारण्यात शहाणपण नाही.

सेकंडहँड डिस्कवरच्या जुन्या खुणा

बायोसला दिसते, एल-एस-बी-एल-केलाही दिसते, फक्त इन्स्टॉलरला नाही. अशा वेळी डिस्क बहुधा आधी रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र जोडून) वापरलेली असते. एल-एस-बी-एल-के पुढे वजा एफ लावून बघा, डिस्कसमोर 'आयएसडब्ल्यू रेड मेंबर' असं दिसलं तर हाच प्रकार. नुसतं पार्टिशन फॉरमॅट करून ही खूण जात नाही, ती डिस्कच्या अगदी शेवटी असते. सुडो लावून वाइपएफएस (डब्ल्यू-आय-पी-ई-एफ-एस) चालवा आणि पुढे पूर्ण डिस्कचं नाव द्या. एवढ्याने ते फक्त खुणांची यादी दाखवतं. यादी पाहून, डिस्क तीच आहे याची खात्री झाली की मध्ये वजा ए लावून पुन्हा चालवा, मग खुणा पुसल्या जातात. डिस्कवरचं काही हवं असेल तर हे करायच्या आधीच थांबा.

थोडक्यात आटपणाऱ्या चुका

सिक्युअर बूट बंद केल्याने डिस्क दिसू लागत नाही. त्याचा संबंध काय चालू होऊ द्यायचं याच्याशी आहे.

एम.टू स्लॉटमध्ये बसली म्हणजे चालेल असं नाही. फक्त एनव्हीएमई घेणाऱ्या स्लॉटमध्ये साटा प्रकारची एम.टू दिसणार नाही. उलट, काही बोर्डांवर एम.टू लावली की एखाद-दोन साटा पोर्ट बंद होतात आणि जुनी हार्ड डिस्क 'गायब' होते. बोर्डाचं मॅन्युअल बघा, त्यात तक्ता असतो.

दोन-चार वर्षांपूर्वी कोणी तरी दिलेली आयएसओ नव्या लॅपटॉपवर वापरू नका. मोबाइल डेटाचे दोन-तीन जीबी वाचवायला दोन दिवस घालवणारे लोक आहेत.

विंडोजमध्ये डिस्क 'डायनॅमिक' केलेली असेल तर इन्स्टॉलरला तिची पार्टिशनं नीट कळत नाहीत. बॅकअप घेऊन ती बेसिक करा.

यातून काहीच जमलं नाही आणि कोणाला विचारायचं असेल तर "दिसत नाही" एवढाच निरोप धाडू नका. लॅपटॉपच्या तळावरच्या स्टिकरवरचं पूर्ण मॉडेल, बायोसच्या स्टोरेज पानाचा फोटो, एल-एस-बी-एल-केचा फोटो आणि डी-मेसेजमधल्या एएचसीआय, एटीए, एनव्हीएमई असलेल्या ओळी पाठवा. फोटो सरळ धरून काढा, पडद्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नको.